ट्रायपॉड असूनही रात्रीचा फोटो सॉफ्ट येतोय? आधी दिव्याचा ठिपका बघा

"ट्रायपॉड लावला होता, हातही लावला नव्हता, तरी फोटो सॉफ्ट, धार नसलेला. लेन्स गेली का?" पावसाळा ओसरून आकाश मोकळं व्हायला लागलं की ठाणे-नवी मुंबईतल्या आमच्या फोटोवाल्या मंडळींत हा प्रश्न ठरलेला. माझ्यापुढे येणारे असे बहुतेक कॅमेरे ठणठणीत असतात. घोळ असतो तो उभं राहण्याच्या जागेत, फोकसच्या रिंगमध्ये, काचेवरच्या बोटाच्या ठशात, नाहीतर सरळ हवेत. तरी लोक पहिल्यांदा नवी लेन्स शोधायला लागतात, आणि मग नव्या लेन्सनेही फोटो तसाच येतो.

रात्रीच्या फोटोत एक सोय आहे, ती दिवसाच्या फोटोत नसते. लांबचा प्रत्येक दिवा आणि प्रत्येक तारा मुळात एक बिंदू असतो. तो बिंदू फोटोत कसा बिघडलाय ते नीट बघितलं की कारण बरंचसं तिथेच सापडतं.

लक्षणं

फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळंच झकास दिसतं, त्यावर विसंबू नका. मधला एक लांबचा दिवा, चारही कोपऱ्यांतला एकेक, आणि असले तर तारे, एवढं बघा.

– प्रत्येक दिव्याची गोल, फुगलेली चकती झालीय: फोकस चुकलाय.
– सगळे दिवे एकाच दिशेला ओढले गेलेत, किंवा प्रत्येकाला सारखाच हुकासारखा आकडा किंवा शेपूट आहे: कॅमेरा हललाय.
– इमारतींच्या कडा धारदार, पण तारे छोट्या रेघा झालेत: काहीही बिघडलेलं नाही, पृथ्वी फिरतेय.
– दिवा जागेवर आहे, पण त्याभोवती दुधट वलय आहे: काच मळलीय, दमट झालीय किंवा आत बुरशी आहे.
– आकाशात हिरवट, उलटे दिवे तरंगतायत: फिल्टर.
– जवळचं स्वच्छ, लांबचं पुसट: हवा.
– मधले दिवे बरोबर, चारही कोपऱ्यांतल्या दिव्यांना पंख फुटलेत: ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडं आहे.
– फक्त एकच बाजू सॉफ्ट: इथे मात्र लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.

आडवे काळे पट्टे हा वेगळाच आजार. एलईडी होर्डिंगसमोर शटर फार वेगाने उडवलं की ते येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. त्यासाठी पुढचं वाचायची गरज नाही.

आधी काच पुसा, फिल्टर काढा

हे फुकटात होतं, म्हणून पहिलं. मोबाईलवाल्यांचं काम तर बहुधा इथेच संपतं. खिशातून काढलेल्या फोनच्या लेन्सवर बोटाचं तेल असतंच, आणि त्यामुळे ठाण्यातल्या तलावपाळीच्या दिव्यांना लांबलचक तिरक्या शेपट्या फुटतात. दिवसा हे जाणवत नाही, कारण सगळं दृश्य साधारण सारख्याच उजेडात असतं. रात्री काळ्या आकाशात एकच प्रखर दिवा असतो आणि तेलकट थरावरून पसरलेला त्याचा उजेड लपायला जागा नसते.

आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबरचं कापड. सदऱ्याचं टोक नको. खाडीकाठच्या वाऱ्यात बारीक रेती आणि मीठ असतं, ते काचेवर घासलं की ओरखडा कायमचा.

मग यूव्ही फिल्टर. सेन्सरवरून परत फिरलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत येतो. ही भुतं, म्हणजे दिव्यांची खोटी प्रतिबिंबं, फोटोच्या मध्यबिंदूपलीकडे बरोबर समोर दिसतात. दिवा डावीकडे खाली असेल तर भूत उजवीकडे वर. पाम बीच रोडच्या फोटोत आकाशात हिरव्या ठिपक्यांची रांग दिसली की कोणीतरी उडत्या तबकड्यांचा विषय काढतोच. फिल्टर काढा, तबकड्या जातात.

स्टॅबिलायझर बंद, टायमर चालू

ट्रायपॉडवर लेन्सचं किंवा बॉडीचं स्टॅबिलायझेशन बंद करा. ते हाताचा कंप मोजून उलट्या दिशेला भरपाई करतं. कंपच नसला की जुन्या यंत्रणा स्वतःच्याच हालचालीमागे धावत सुटतात. नवे कॅमेरे ट्रायपॉड ओळखतात म्हणे. दोन्ही तऱ्हेने एकेक फोटो काढून बघा, वादच मिटला.

दोन सेकंदांचा टायमर लावा. डीएसएलआर असेल तर मिरर लॉक-अप (आरसा आधीच वर उचलून धरायची सोय) वापरा, कारण आरसा उसळण्याच्या धक्क्याने साधारण १/३० ते १ सेकंदाच्या दरम्यानचे फोटो सगळ्यात जास्त बिघडतात. गळ्याचा पट्टा काढून ठेवा किंवा गुंडाळा. वाशीच्या सागर विहारला संध्याकाळचा वारा सुटला की तो पट्टा फडफडतो आणि पूर्ण कॅमेरा थरथरतो.

ट्रायपॉड कशावर उभा आहे?

यावर मी जरा जास्त बोलतो, कारण आपल्या भागातले निम्मे फोटो इथे वाया जातात. वाहनांच्या दिव्यांच्या रेघा काढायच्या म्हणून माणूस उंच जागा शोधतो. उंच जागा म्हणजे स्कायवॉक, उड्डाणपूल, वाशीचा खाडीपूल किंवा कळव्याचा पूल. हे सगळे हलतात. हलण्यासाठीच बांधलेले असतात, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण १५ सेकंदांच्या फोटोला तेवढं पुरतं. स्कायवॉकवर शेजारून चार माणसं झपाझप गेली तरी ठिपक्याला आकडा येतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चालू दृश्य, दहापट मोठा करून एका लांबच्या दिव्यावर ठेवा आणि हात बाजूला घेऊन अर्धा मिनिट नुसतं बघा. ठिपका थरथरला तर जागा वाईट. बस गेल्यावरच थरथरला, तर बस गेल्यावर थांबून शटर दाबायचं. सतत थरथरत असेल तर खाली जमिनीवर उतरा.

जमिनीवरही सापळे आहेत. फुटपाथचे पेव्हर ब्लॉक सुटे असतात, एका पायाखालचा ब्लॉक डुलत असतो. खाडीकाठच्या चिखलात ट्रायपॉडचा पाय फोटो चालू असतानाच हळूहळू रुततो, आणि सगळे दिवे एकाच बाजूला ओघळल्यासारखे येतात. लोक याला लेन्सचा दोष समजतात. पायाखाली सपाट दगड ठेवा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, बारीक पाय शेवटी उघडा, आणि दांड्याला बॅग अडकवायची तर ती जमिनीला टेकेल इतकी खाली. लोंबकळती बॅग वाऱ्यात झोके घेते आणि कॅमेऱ्यालाही घ्यायला लावते.

अटल सेतूवर गाडी थांबवायला मनाई आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाल्यापासून तिथे उतरून फोटो काढणाऱ्यांची हौस फिटलेली नाही. तो फोटो किनाऱ्यावरूनच काढायचा.

आता थोडं गंमतीचं. रेघांच्या फोटोत गाड्यांचे दिवे थोडे हलले तर कोणाला कळत नाही, स्थिर इमारती हललेल्या मात्र लगेच दिसतात. म्हणून जागा डळमळीत असेल तर फ्रेममधून इमारती वगळा आणि नुसता रस्ता घ्या. एफ/११ (ॲपर्चरचा आकडा, तो जितका मोठा तितकं भोक लहान), आयएसओ १०० (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता), १० ते २० सेकंद, अशी सुरुवात करा. वेळ साधायची ती सूर्यास्तानंतरची. आपल्या अक्षांशाला संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. आकाश निळं आणि दिवे लागलेले अशी स्थिती जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळते. त्यानंतर आकाश निळं राहत नाही, शहराच्या उजेडाने मळकट होतं.

फोकस

चकत्या दिसल्या तर इकडे या. अंधारात ऑटोफोकस पुढच्या रेलिंगवर जाऊन बसतो किंवा नुसता मागेपुढे फिरत राहतो. मग लोक मॅन्युअलवर टाकून रिंग अनंताच्या खुणेपर्यंत फिरवतात आणि निर्धास्त होतात. बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही पुढे फिरतात, तशी जागा मुद्दाम सोडलेली असते. रिंग शेवटपर्यंत फिरवणं म्हणजे हमखास चकती.

आधी झूम हवा तिथे ठेवा, कारण झूम बदलला की फोकस हलतो. मग लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून एक तेजस्वी तारा पकडा. हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात स्वाती, पावसाळा संपताना पश्चिमेकडचा अभिजित. तारा नसेल तर लांबच्या टॉवरच्या गच्चीवरचा लाल दिवा. किती लांब? ते लेन्सच्या फोकल लेंग्थवर, म्हणजे तिच्या मिलिमीटरच्या आकड्यावर. १८ मिलिमीटरला शंभर मीटरवरचा खांबही चालतो, २०० मिलिमीटरला एक-दोन किलोमीटरवरचा दिवा हवा. ठिपका लहान होत जाईल, मग परत मोठा व्हायला लागेल. तेव्हा उलटं फिरून सगळ्यात लहान ठिपक्यावर थांबा. रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा.

एवढं करूनही अर्ध्या तासाने चकत्या येत असतील तर दोन गोष्टी बघा. मिररलेसच्या बऱ्याच लेन्सची रिंग नुसती इलेक्ट्रॉनिक असते; कॅमेरा झोपी गेला की जागा विसरतो. ऑटो पॉवर ऑफची वेळ वाढवा. दुसरं म्हणजे जुनी १८-२०० सारखी झूम लेन्स वर आकाशाकडे रोखली की स्वतःच्या वजनाने घसरते. त्यावर रबर बँड हा रामबाण उपाय, मीही तोच वापरतो.

चकत्या मुद्दाम हव्या असतील तर मासुंदा तलावासारखी जागा नाही. पुढचं रेलिंग फोकसमध्ये, मागे पाण्यावर कोपिनेश्वर मंदिराच्या बाजूचे दिवे फुगलेले. एफ/२.८ किंवा त्याहून उघडं ॲपर्चर ठेवा.

तारे रेघा झालेत

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून तारेही. जुना ठोकताळा असा: ५०० भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे तेवढे सेकंद. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सर असेल तर फोकल लेंग्थला आधी दीडने गुणा. १८ मिलिमीटर किट लेन्सला हे १८ सेकंद येतात. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एवढ्यातही बारीक रेघ दिसते, म्हणून मी ५०० ऐवजी ३०० धरतो, म्हणजे ११ सेकंद. मृगाच्या पोटातला बाण, ते ओळीतले तीन तारे, खगोलीय विषुववृत्ताजवळ आहेत, म्हणून तेच सगळ्यात वेगाने सरकतात. ध्रुव जवळजवळ जागचा हलत नाही.

नाहीतर उलट करा, रेघाच काढा. ठाण्याचा अक्षांश साधारण १९ अंश, म्हणून ध्रुव उत्तर क्षितिजापासून १९ अंशांवर. हिशेब मांडला तर आपल्यापासून शंभर मीटर उत्तरेला ३४ मीटर उंच, म्हणजे साधारण अकरा मजली इमारत असेल, तर ध्रुव तिच्या गच्चीला टेकतो. म्हणजे सोसायटीच्या आवारातून, जंगलात न जाता, पाण्याच्या टाकीभोवती ताऱ्यांची वर्तुळं मिळतात. शहराच्या धुरकटात ध्रुव डोळ्याला दिसला नाही तरी फोनच्या होकायंत्राने उत्तर धरा.

तासभराचा एकच फोटो काढू नका, आकाश पांढरं होईल. २०-३० सेकंदांचे सलग फोटो काढा आणि स्टारस्टॅक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढवा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आधी बंद करा. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अंधारा फोटो घेतो आणि रेघेत खिंडारं पडतात. "कॅमेरा हँग होतो" ही तक्रारही पुष्कळदा यामुळेच असते.

आकाशगंगा मात्र इथून मागू नका. शहरी आकाश बॉर्टल मोजपट्टीवर आठ-नऊवर असतं, म्हणजे सगळ्यात उजळ टोकाला. वांगणी किंवा माळशेजच्या बाजूला जा. येऊरला रात्री घुसू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबटे आहेत.

दव आणि हवा

पहिला फोटो स्वच्छ, विसाव्याला वलय, पन्नासाव्याला दुधट: हे दव. एसी गाडीतून काढलेल्या थंड काचेवर आपल्या दमट हवेतलं पाणी धरतं. पुसलं की परत धरतं, म्हणून पुसत बसू नका. बाहेर काढायच्या आधी बॅग बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या. मोकळ्या मैदानात हिवाळ्यात रात्रभर थांबायचं असेल तर पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा लेन्सभोवती बांधा.

लांबचंच पुसट असेल तर ट्रायपॉड, फोकस, लेन्स, सगळं निर्दोष. थंडीत वारा पडला की धूर आणि धूळ खाली साचते आणि खाडीपलीकडचं शहर दुधात बुडतं. त्यावर सेटिंग नाही. पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र पकडा, किंवा धुरकटच वापरा: एकामागे एक फिकट होत जाणारे टॉवर, पुढे काळी आकृती. उगवता चंद्रही याच कारणाने सॉफ्ट आणि तांबूस येतो. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, म्हणून २०० मिलिमीटरला अर्ध्या सेकंदाच्या वर जाऊ नका. वर आलेल्या पौर्णिमेच्या चंद्राला एफ/११, आयएसओ १००, १/१०० सेकंद पुरतं.

ॲपर्चर

एफ/२२ ला डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच थोडं सॉफ्ट होतं. एफ/८ ते ११ वर या. दिव्यांचे चांदणीसारखे किरण तिथेही येतात. ॲपर्चरच्या सात पात्यांना चौदा किरण, आठ पात्यांना आठच. कोपऱ्यातल्या पंखांसाठी एक-दोन स्टॉप, म्हणजे टप्पे, ॲपर्चर बंद करा.

एकच बाजू सॉफ्ट: शेवटची घरगुती तपासणी

दिवसा लांबची एखादी रुंद इमारत निवडा, फ्रेमच्या मध्यभागी फोकस करा, एफ/४ आणि एफ/८ ला फोटो घ्या. मग कॅमेरा उलटा, डोकं खाली, करून तसेच दोन घ्या. उलटा केल्यावरही फ्रेमची तीच बाजू सॉफ्ट राहिली तर दोष कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये. इमारतीचीच तीच बाजू सॉफ्ट राहिली तर ती बाजू तुमच्यापासून लांब आहे, इतकंच. पहिल्या प्रकारात मित्राची लेन्स तुमच्या बॉडीवर लावून बघा. तीही त्याच बाजूला सॉफ्ट आली तर माउंट (लेन्स बसते ती कडी) किंवा सेन्सर तिरका, नाहीतर तुमची लेन्स डीसेंटर झालेली, म्हणजे आतली काच मध्यावरून सरकलेली.

दुसरी तपासणी टॉर्चची. लेन्स बॉडीवरून काढा, मागून टॉर्च मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. पात्यांवर चकाकी असेल तर तेल.

इथे थांबा

डीसेंटर झालेली लेन्स, आतली बुरशी, पात्यांवरचं तेल, तिरका माउंट. यांतलं काहीही असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. आतल्या काचा पातळ चकत्या घालून जागेवर बसवलेल्या असतात, व्हिडिओ बघून त्या परत तशा बसत नाहीत. अंगचा फ्लॅश असलेला कॅमेरा तर उघडूच नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो टिकतो. बुरशीची लेन्स उन्हात ठेवायचा सल्ला देणारे भेटतील. उन्हाने तिची वाढ थांबू शकते, पण काचेचं कोटिंग खाल्लेलं भरून येत नाही. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, पिठूळ धूळ आत जाते. बुरशीच्या लेन्सला बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि चांगल्या लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह, ४० ते ५० टक्क्यांवर.

कॅमेरा खाडीच्या पाण्यात पडला तर वरचं काहीच करू नका. बॅटरी काढा, चालू करून बघू नका, त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे पोचवा. मीठ आतल्या सर्किटला रातोरात खायला लागतं.

जाताना बॉडी आणि लेन्स दोन्ही न्या, आणि उलट-सुलट काढलेल्या फोटोंच्या रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ) फाइल्स पेन ड्राइव्हवर. "सॉफ्ट येतं" एवढं सांगितलं तर नुसती सफाई होऊन परत येते. "उजवी बाजू सॉफ्ट, उलटं केलं तरी उजवीच" सांगितलं तर नेमकं काम होतं. खर्चाचा अंदाज लेखी घ्या. किट लेन्स असेल तर तो आकडा सेकंडहँड लेन्सच्या किमतीशी ताडून बघा, बरेचदा दुरुस्ती परवडत नाही. आणि परत घेताना पैसे द्यायच्या आधी दुकानाच्या दारातून समोरच्या इमारतीचे तेच चार फोटो काढा, दोन सुलट, दोन उलट.